नळाची चिंधी

आमच्या मोरीतल्या नळाला एक चिंधी बांधलेली असते. जुन्या सोलापुरी चादरीची पट्टी, चार बोटं रुंद, हातभर लांब. तोटीला सुतळीने आवळलेली आणि खाली बादलीच्या बुडापर्यंत लोंबणारी. त्या चादरीवर मोर होता. पट्टीवर आता त्याच्या पिसाऱ्याचे दोन डोळे तेवढे उरलेत, तेही ओलाव्याने काळपट झालेले.

सोलापूरच्या बाहेरच्या माणसाला आधी पाण्याचं सांगावं लागेल. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. चार दिवसांनी येतं, उन्हाळ्यात कधी पाचव्या दिवशी. उजनी धरण एवढं मोठं आणि आमच्याच जिल्ह्यात, तरी असं. पाण्याचा दिवस ठरलेला असतो, वेळ मात्र ठरलेली नसते. संध्याकाळी सातला येईल, नाहीतर रात्री अडीचला. त्यामुळे पाण्याच्या दिवशी घरातलं कुणीतरी एक जण अर्धवट झोपेत असतं. टाकीला पाइप लावून देता येतो, पण प्यायचं पाणी आम्ही अजून घागरी-कळशीत, नळाखाली धरून भरतो.

आमच्या घरात तो कुणीतरी एक जण म्हणजे माझा नवरा. लग्नाला तेवीस वर्षं झाली, त्यातली वीस वर्षं तरी मी समजत होते की आमच्या भागात पाणी संध्याकाळी आलं नाही तर पहाटे पाचनंतरच येतं. मी उठायचे तेव्हा सगळं भरलेलं असायचं, घागरींवर झाकण्या, ओटा पुसलेला.

तीन वर्षांपूर्वी मला ताप होता. रात्री घशाला कोरड पडली म्हणून उठले. मोरीत दिवा होता. हे बनियनवर, मोरीच्या कट्ट्यावर उकिडवे बसलेले. नळ पूर्ण सोडलेला, आणि आवाज नाही. पाणी चिंधीवरून निथळत, सरळ घागरीच्या पोटात उतरत होतं. घागर गळ्याशी आली की ते दोन बोटांनी चिंधी उचलायचे आणि शेजारच्या कळशीत सोडायचे. नळ मध्येच बंद करायचा नाही, कारण आमच्या पाइपातून बंद करताना ठक्कन आवाज येतो. मी दारात उभी होते, ते त्यांना कळलंही नाही. त्यांचं सगळं ध्यान त्या पट्टीकडे होतं. घड्याळात पावणेतीन वाजले होते.

मी पाणी न पिताच परत येऊन पडले. झोप लागली नाही.

सकाळी विचारलं, "अहो, ही चिंधी कशाला बांधलीय?"

"पाणी उडतं," ते म्हणाले आणि पेपर उघडला.

माझे वडील, अण्णा, चाळीस वर्षं यंत्रमागावर होते. मागाचा कारखाना ज्याने आतून पाहिला नाही त्याला तो आवाज सांगून कळायचा नाही. एका शेडमध्ये वीस-पंचवीस माग, प्रत्येकाचा धोटा इकडून तिकडे आपटतो, पत्रे थरथरतात, पायाखालची फरशीसुद्धा कापते. शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून तिथली माणसं बोटांनी बोलतात. तर्जनी उभी करून आडवी केली की कांडी संपली. मनगटावर टिचकी मारली की किती वाजले. मिशीवरून हात फिरवला की शेठ येतोय. मधलं बोट आणि तर्जनी जोडून एकदम फाकवली की धागा तुटला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळली की गाठ मारली, चालू कर.

मी पाच-सहा वर्षांची असताना आईबरोबर डबा घेऊन जायचे. आई कारखान्याच्या दारात उभी राहायची, मी तिचा पदर धरून. आत कापसाची भुकटी धुक्यासारखी तरंगायची. चौथ्या रांगेतून अण्णा आमच्याकडे बघायचे, एक तळवा खाली गुडघ्याजवळ धरायचे आणि मग पाची बोटं जुळवून तोंडाजवळ न्यायचे. गुडघ्याजवळचा तळवा म्हणजे मी, तेवढी माझी उंची होती. पोरगी जेवली का? आई मान डोलवायची. मग ते मागाकडे वळायचे. दिवसभरात आम्हा दोघांत झालेलं बोलणं तेवढंच.

मी मोठी झाले, अण्णांच्या खांद्याला लागले, लग्न होऊन गेले. तो तळवा गुडघ्याच्या वर कधी आला नाही. घरात चार माणसं बसलेली असली आणि माझ्याविषयी काही विचारायचं असलं की अण्णांचा हात आपोआप खाली जातो. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे.

अण्णांचे कान आता जवळजवळ गेलेत. मागावरच्या किती जणांचे तसेच गेले. कानाचं यंत्र आणलं, पण ते लावलं की पुन्हा कारखान्यात उभं राहिल्यासारखं होतं म्हणतात. ते कपाटात आहे.

भिवंडीला माझे चुलते मागावर होते. त्यांची पोस्टकार्डं यायची. चुलते दुसरी शिकलेले, मजकूर चार ओळींचा, पण सुरुवात ठरलेली: पत्र पावले, मजकूर कळला. लहानपणी मला ती ओळ फुकट घालवलेली वाटायची. एवढंसं कार्ड, त्यात अर्धी ओळ यात कशाला? पत्र पोचलं नसतं तर उत्तर कुठून आलं असतं? आज मला वाटतं, त्या कार्डातली ती सगळ्यात मोलाची ओळ होती. तिकडे सांगणारा माणूस वाट बघत असतो, आपलं पोचलं की नाही. पुढच्या मजकुरात बातम्या असतात, पण जीव भांड्यात पडतो तो पहिल्या ओळीला.

आपल्या घरांमध्ये मायेची कमतरता आहे असं मला कधीच वाटलं नाही. भरभरून आहे. कमी पडते ती पोच. समोरच्याने केलेलं आपल्यापर्यंत आलं, कळलं, हे त्याला कळवणं. त्याला थँक्यूच म्हणावं लागतं असं नाही. घरात नवऱ्याला थँक्यू म्हटलं तर तो दचकतो, आई असती तर "काय गं, बरं नाही का?" म्हणाली असती. आभार हा शब्द आपण सभा-समारंभासाठी ठेवलाय, तो चुलीपाशी शोभत नाही. पण म्हणून पोचच द्यायची नाही, असं कसं चालेल? मला हे फार उशिरा उमगलं, आणि ज्या माणसाच्या बाबतीत सगळ्यात आधी उमगायला हवं होतं, ते माणूस गेल्यावर उमगलं.

आई विड्या वळायची. आम्ही राहायचो त्या पूर्व भागात बहुतेक घरांचं असंच असायचं, पुरुष मागावर, बायका विड्यांवर. पानं रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायची. मग मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि हजार विड्या होईपर्यंत मान वर नाही. आमच्या गल्लीतल्या बायकांची बोटं बोलता बोलता चालायची. तेलुगू, कन्नड, मराठी, तिन्ही भाषा त्या एका ओट्यावर नांदायच्या. दारावरून जाणाऱ्याला एकच प्रश्न तीन भाषांत यायचा. कुणी म्हणायचं "तिन्नावा?", कुणी "ऊटा आतेन?", आई म्हणायची "जेवलीस का गं?" खरोखर कुणी जेवायला वाढणार असायचं असं नाही, तेवढं कुणाच्याच घरात नसायचं. तरी विचारल्याशिवाय कुणी कुणाला पुढे जाऊ द्यायचं नाही.

तर वेण्यांची गोष्ट. शाळा सकाळी अकराची. आणि आई मला पहाटे साडेचारला उठवायची, दोन वेण्या घालायला. थंडीत, अंगावरची चादर ओढून. मी रडायचे, हातपाय आपटायचे. मैत्रिणींच्या आया दहा वाजता वेण्या घालतात, तूच का असं करतेस? आई म्हणायची, "नंतर मला वेळ नसतो." घट्ट वेण्या, लाल रिबिनी, खोबरेल तेल. मग मी भिंतीला टेकून बसल्या बसल्या पुन्हा झोपायचे, आडवी पडले तर वेण्या विसकटतील म्हणून. दहावीपर्यंत हे चाललं. माझा तो राग लग्नानंतरही गेला नव्हता. मुलगा लहान असताना मी तिला एकदा म्हटलंही, "मी माझ्या पोराला असं पहाटे कधी उठवणार नाही." ती त्याच्या अंगाला तेल लावत होती. काही बोलली नाही.

आई गेल्यावर महिन्याभराने शेजारच्या अक्का भेटायला आल्या. विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत कुंभारीला झाली, 2006 साली, तेव्हा त्या तिकडे राहायला गेल्या होत्या. बराच वेळ गप्प बसल्या. मग माझ्या केसांवरून हात फिरवत आपल्या मराठीत म्हणाल्या, "तुझी आई लई शहाणी होती गं. आमच्या पोरीला शाळेत वासाची वासाची म्हणून चिडवायचे. तुला कधी कोण बोललं नाही."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. एकदा सुपात हात घातला की तंबाखूचा वास बोटांतून दिवसभर जात नाही. राखेने घासा, लिंबू चोळा, जात नाही. त्या हातांनी वेणी घातली की वास केसांत बसतो, आणि वर्गात शेजारच्या मुलीला लगेच येतो. आई पहाटे आंघोळ करून, तंबाखूला शिवायच्या आधी, स्वच्छ हातांनी आधी माझ्या वेण्या घालायची. त्यानंतर ती दिवसभर माझ्या डोक्याला हात लावायची नाही. शाळेतून मी पळत यायचे, तिच्या गळ्यात पडायला बघायचे, आणि ती कोपराने मला बाजूला सारायची, तळवे वर धरून. त्या कोपराचाही मला राग होता.

अक्का गेल्या. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

त्याची पोच आता कुठे देणार?

आई गेल्यावर अण्णा आमच्याकडे जुळे सोलापूरला आले. पहिले तीन महिने मला वाटायचं, ते सावरलेत. वेळेवर जेवायचे, वेळेवर झोपायचे. पण काहीतरी खटकत होतं आणि ते काय, ते मला सापडत नव्हतं. नवऱ्याच्या लक्षात आलं. म्हणाले, "अण्णांचे हात बघितलेस?" हात मांडीवर पडलेले असायचे, उलथे, नुसते. घरात कुणीच ती भाषा बोलत नव्हतं. मी ओरडून बोलायचे, मुलगा पाटीवर लिहून दाखवायचा. त्यांच्या बोटांना उत्तर देणारी एक बाई होती, ती गेली होती.

त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि मनगटावर टिचकी मारली. अण्णांनी वर बघितलं. क्षणभर त्यांना पटेना. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून बोटं दाखवली, आठ. मी पाची बोटं जुळवून तोंडाशी नेली. त्यांनी मान डोलवली, आणि हात उठला, खाली गुडघ्याजवळ गेला, मग तोंडाकडे. तू जेवलीस का?

जानेवारीत आम्ही त्यांना सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, म्हणजे जत्रेला, नेलं. पाळणे, पिपाण्या, कर्णे, माणसावर माणूस. आम्ही सगळे एकमेकांना ओरडून हैराण, आणि अण्णा त्या गोंगाटात निवांत. तिथे आम्हा सगळ्यांत नीट बोलता येणारे ते एकटेच होते. त्या रात्रीपासून मुलाने अण्णांकडून एकेक खूण शिकून घेतली, वहीत चित्रं काढून.

पोच देताना मापाला माप लागत नाही, हे मला सासूबाईंनी शिकवलं. त्या मंगळवेढ्याकडच्या. ज्वारीचं कोठार म्हणतात त्या भागाला, तिथल्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. दरवर्षी सुगी झाली की त्या पोतं पाठवतात. पाखडून, खडे वेचून, थराथरात कडुलिंबाचा पाला घालून. पंच्याहत्तर वर्षांची बाई ते स्वतःच्या हाताने करते. मग फोन येतो, "कीड नाही ना लागली?" मी वर्षानुवर्षं "नाही" म्हणून विषय संपवत होते. त्या फोनमागे काय विचारलं जात होतं ते मला ऐकूच आलं नव्हतं. आता नवी ज्वारी दळून आणली की पहिली भाकरी तव्यावर टम्म फुगली की तिचा फोटो काढते आणि पाठवते. एका भाकरीचा फोटो. सासूबाई तो वाड्यातल्या सगळ्यांना दाखवून येतात, असं नणंद सांगत होती. पोतंभर ज्वारीला एवढीशी पोच, पण ती पुरते.

नवऱ्याच्या बाबतीत मला बरेच दिवस सुचत नव्हतं. "मी बघितलं त्या रात्री" असं सांगितलं असतं तर त्यांना संकोच झाला असता, आणि पुढच्या खेपेला त्यांनी ते आणखी लपवून केलं असतं. मग गेल्या पावसाळ्यात ती चिंधी विरली. मधोमध धागे सुटले, आणि पाणी एका बाजूने थेंब थेंब वाजायला लागलं. मी कपाटातून माझी माहेरची चादर काढली, अण्णांनी लग्नात दिलेली. कडेने फाटलीच होती, तरी तिला कात्री लावताना हात थोडा अडला. चार बोटांची पट्टी कापली, कडा दुमडून मशीनवर शिवून घेतल्या, म्हणजे धागे सुटणार नाहीत. जुनी काढून नवी बांधली. सुतळीची गाठ त्यांची असते तशीच मारली.

चार दिवसांनी पाणी आलं, रात्री कधीतरी. सकाळी मी चहा टाकत होते. हे ओट्याशी येऊन उभे राहिले. नेहमी पेपर घेऊन बाहेर बसतात.

"चिंधी बदललीस."

"हं."

"शिवलीस पण."

"धागे सुटत होते."

ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग माझ्या हातातली गाळणी घेतली आणि चहा गाळला, चारही कप. तेवीस वर्षांत पहिल्यांदा सकाळचा चहा आम्ही दोघांनी ओट्याशी उभं राहून प्यायला.

मुलगा आता पुण्याला शिकतो. त्याला सोडायला आम्ही स्टेशनवर गेलो तेव्हा हुतात्मा एक्सप्रेसच्या एसी डब्याची काच बंद होती. आत तो, बाहेर आम्ही. सगळी माणसं काचेला हात लावून ओरडत होती, आतल्यांना काही ऐकू जात नव्हतं. अण्णा काठी टेकून जरा मागे उभे होते. त्यांनी मनगटावर टिचकी मारली, मग हात कानाशी नेला. पोचलास की कळव. पोराने आतून अंगठा वर केला. शेजारच्या बाई बघत राहिल्या.

तेव्हापासून दर रविवारी रात्री त्यांचा व्हिडिओ कॉल असतो. साधा फोन अण्णांना निरुपयोगी होता, पण व्हिडिओवर कान लागतातच कुठे? अण्णा फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवतात आणि दोन्ही हात मोकळे करून बसतात. सुरुवातीला अण्णा मोठ्याने एकदा विचारतात, "काय करलालास बे?" तेवढाच आवाज. पुढची पंधरा-वीस मिनिटं घर शांत.

परवाच्या रविवारी पाण्याचा दिवस होता. मी घागरी विसळून पालथ्या घालत होते आणि मधूनच तिकडे बघत होते. मुलाचा चेहरा उतरलेला. त्याने दोन बोटं जोडली आणि फाकवली. धागा तुटला. एका पेपरात नापास झाला होता, आम्हाला सांगितलं नव्हतं, पहिल्यांदा आजोबांना सांगत होता. अण्णा फोनच्या जवळ सरकले. अंगठा आणि तर्जनी काचेसमोर धरून हळूहळू चोळत राहिले, पोराने मान डोलवेपर्यंत.

मग मुलाने फोन लांब धरला. बाहेर खोलीतली मुलं गोंधळ घालत असावीत, तो मान वळवून कुणावर तरी ओरडला. आणि मग, एवढा सहा फुटांचा पोरगा, कमरेत वाकला, तळवा खाली गुडघ्याजवळ धरला आणि पाची बोटं जुळवून तोंडाशी नेली.

अण्णांनी वळून माझ्याकडे बघितलं. दहा वाजून गेले होते, आणि मी जेवले नव्हते.

मी हात पुसले, ताट वाढून घेतलं आणि साखरेच्या डब्यासमोर, दोघांना दिसेल असं, जेवायला बसले.